पिकअपच्या मागे बसलेला पाहुणा

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या दुकानाला लिंबू-मिरची लागते ती सासऱ्यांच्या समाधानासाठी, आणि वाळली की मीच ती हातानं काढून केरात टाकते. या सदरातले अनुभव मी आजवर नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवत आले - "बघा, या बाईंना पण ॲसिडिटी झालेली दिसतेय" असं म्हणत. त्यामुळे माझं वाचून कुणी हसलं तर माझी काही तक्रार नाही. खुशाल हसा. पण शेवटी मी एक गोष्ट विचारलीय, तिचं उत्तर कुणाला माहीत असेल तर तेवढं मात्र सांगा...

आम्ही मूळचे नांदेडकडचे, पण आता पक्के हैदराबादी. राहायला इथल्याच हिमायतनगरला आणि धंदा बेगम बाजारात, स्टीलच्या भांड्यांचं होलसेल. घरात मी, नवरा आणि माझे सासरे, म्हणजे अण्णा. मुलगी ईशा पुण्याला हॉस्टेलवर असते.

अण्णांची एक सवय सांगायलाच हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. ताटावर बसले की नजरेला जो पडेल त्याला "या जेवायला" म्हणायचं. आता हे आपल्यात सगळेच म्हणतात. समोरचा "हो हो, चालू द्या" म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो, खरंच कुणी येत नसतं. पण अण्णा मनापासून म्हणतात. दुकानात डबा उघडला की हमाल, गिऱ्हाईक, पावती फाडायला आलेला माणूस, सगळ्यांना आमंत्रण. एकदा घरी गॅलरीत जेवत असताना खालच्या वॉचमनला हाक मारली, तर तो बिचारा खरंच वर आला आणि पोटभर जेवला. अण्णा खूश! मी मात्र पुन्हा तवा चढवला आणि मनातल्या मनात सासऱ्यांचा उद्धार केला.

गेल्या वर्षी अण्णांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठीनं चालायला लागले, पण घरातच कोमेजून गेले. त्यांचं एकच म्हणणं होतं - "एकदा उघड्यावर झोपायचंय रे. शेतात झोपायचो तसं." बस आता त्यांना जमत नाही, हॉटेलातलं बाथरूम जमत नाही. आणि आमच्या नवरोबांना तेवढंच निमित्त पुरलं. रात्रंदिवस मोबाइलवर परदेशातले लोक गाडीला तंबू लावून कसे फिरतात ते बघायचे. शेवटी घेतलीच! दोन रांगांची, मागे उघडा हौदा असलेली भलीमोठी पिकअप. "अहो, बेगम बाजारात सायकल वळत नाही, तिथे हे धूड कुठे घालणार?" म्हटलं, तर म्हणाले, "मंगल, ही बाजारासाठी नाहीये. ही अण्णांसाठी आहे."

मग दोन महिने घरात दुसरा विषय नाही. हौद्याला छत, आत फ्रिज, जास्तीची बॅटरी, पाण्याची टाकी. मागे ओढायला एक छोटा ट्रेलर बनवून घेतला. त्यात अण्णांची खाट, वर ताडपत्रीचा तंबू, कोपऱ्यात त्यांची कमोडची खुर्ची. हे सगळं नामपल्लीच्या एका गल्लीत युसूफभाई म्हणून वेल्डर आहेत त्यांनी केलं. ट्रेलर जोडायचा हूक बसवताना मी विचारलं, "निघून तर येणार नाही ना?" तर म्हणाले, "फिकर नक्को करो मॅडम. हाथी बांध देओ, खींच लेती गाडी." ईशा फोनवर हसत होती - "आई, बाबांनी अख्खं घरच गाडीला जोडलंय!" गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, आणि हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो.

विकाराबादच्या जंगलाच्या पलीकडे एक तलाव आहे. इकडे तलावाला चेरुवु म्हणतात. नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच कुणी बघायला जाईल. पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. तीन बाजूंनी ताडाची झाडं, समोर पाणी, आणि माणूस म्हणून कुणी नाही. गुरं नाहीत, होडी नाही. अण्णांचा चेहरा इतका फुलला की मी मनात म्हटलं, जाऊ दे, वसूल झाली गाडी.

मी पिठलं-भाकरी आणि ठेचा घरूनच आणला होता. घडीच्या चार खुर्च्या होत्या, तीन उघडल्या. पहिला घास हातात घेतला आणि अण्णांनी पाण्याकडे बघून हात वर केला. "या! या जेवायला!"

मी वळून बघितलं. कुणीच नव्हतं.

"अण्णा, कोणाला बोलावताय?"

"अगं ते काय, त्या ताडापाशी पाण्यात उभे आहेत." मग जरा वेळानं, "येतायत. मंगल, खुर्ची उघड एक."

अण्णांची नजर आता तितकी चांगली नाही, लांबचं झाड माणूस वाटलं असेल असं म्हणून नवऱ्यानं हसत चौथी खुर्ची उघडून ठेवली. आणि मी शपथेवर सांगते... त्या खुर्चीचं कापड खाली दबलं. आपण बसल्यावर दबतं तसं, हळूच. खुर्चीचे पाय वाळूत रुतले. मी म्हटलं वारा असेल. पण वारा नव्हता हो, ताडाचं पान हलत नव्हतं.

"मंगल, पान वाढ की," अण्णा म्हणाले.

मी वाढलं नाही. खरं सांगायचं तर घाबरले की मी चिडते. "काही वाढायचं नाही, उन्हात बसून तुम्हाला चक्कर येतेय, आवरा आता," असं म्हणून मी भराभरा डबे बंद केले. नवरा म्हणाले, "अगं, रात्री राहायचं ठरलंय ना?" मी म्हटलं, "मी निघाले. तुम्हाला राहायचं तर राहा." खुर्च्यांची घडी घालताना चौथीचं कापड चिंब ओलं लागलं. हाताला तलावाचा वास आला, शेवाळाचा. मी खुर्ची तशीच ट्रेलरमध्ये फेकली.

गाडी सुरू केली तर पुढे सरकेना. इंजिन ओरडतंय, गाडी जागेवर. नवऱ्याला वाटलं ट्रेलरचं चाक अडकलं. उतरून बघितलं, चाकं मोकळी. पण ट्रेलर पार बसला होता. स्प्रिंगचे पाटे उलटे वाकायला आलेले, आणि पिकअपचं मागचं अंग इतकं दबलेलं की तोंड वर झालं होतं. आत काय होतं? एक खाट, गादी, कमोडची खुर्ची आणि घडीच्या खुर्च्या. येताना मागे ट्रेलर आहे हे विसरायला होत होतं, इतका हलका.

"नवीन गाडी आहे, काहीतरी बसलं नसेल नीट," नवरा पुटपुटले, पण त्यांचा आवाज वेगळाच येत होता. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कण्हत गाडी डांबरी रस्त्याला लागली. अण्णा मागच्या सीटवर होते. मला आरशात दिसत होतं, ते मान वळवून मागच्या काचेतून ट्रेलरकडे बघत होते. आणि बोलत होते. अगदी पाहुण्याशी बोलावं तसं, अदबीनं.

"त्रास नाही ना होत बसायला?"

"..."

"नाही नाही, अवघडू नका. घरचंच समजा."

"अहो, थांबू नका, चालवत राहा," मी नवऱ्याच्या दंडाला घट्ट धरलं.

मग उतार लागला. वळणांचा रस्ता आहे तिथे. आतापर्यंत मागे खेचणारा ट्रेलर आता मागून ढकलायला लागला. नवऱ्यानं ब्रेक दाबला, गाडी थांबेना. वळणावर ट्रेलर बाहेरच्या बाजूला खेचायला लागला, खाली दरी नाही म्हणा, पण खड्डा चांगला खोल. जळका वास सुटला. नवरा ओरडले, "मंगल, धर!" मला एकदम ईशा दिसली डोळ्यांसमोर. आणि मी, लिंबू-मिरची केरात टाकणारी बाई, मागे वळून किंचाळले - "अण्णा, त्यांना सांगा ना उतरायला! हात जोडते!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "जेवायला बोलावून उपाशी कसं उतरवू? तू वाढलंच नाहीस."

कशी कोण जाणे, पुढच्या सरळ पट्ट्यात गाडी थांबली. नवरा स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले होते. मी उतरले. भर दुपारचा रस्ता, एखादी मोटारसायकल तरी यावी म्हणून दोन्हीकडे बघितलं, कुणी नाही. ताटात भाकरी, पिठलं, ठेचा वाढला. ग्लासात पाणी ओतलं, निम्मं सांडलं. ट्रेलरच्या फळ्यांमधून खाली पाणी ठिबकत होतं, टप टप. मी आत न बघता ताट खाटेवर ठेवलं, तोंडातून आपोआप "सावकाश होऊ द्या" असं निघालं, आणि मागचा फाळका लावून पळत गाडीत येऊन बसले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मागून कर्रर्र आवाज झाला, आणि पिकअपचं दबलेलं अंग वर उचललं गेलं. आम्हाला सीटवर जाणवलं ते. अण्णांनी काचेकडे बघून हात जोडले. "बरं बरं. या हं. हो... हो, येऊ की! नक्की."

नवऱ्यानं जाऊन फाळका उघडला. ताटात अन्नाचा कण नव्हता. ताट काठोकाठ पाण्यानं भरलेलं, हिरवट, गढूळ. जुनी माणसं जेवण झाल्यावर ताटातच हात धुतात ना, तसं. आमची पाण्याची टाकी पिकअपच्या हौद्यात होती आणि तिच्यात फिल्टरचं पाणी होतं. ते ताट मी तिथेच फेकून दिलं. भांड्यांचा धंदा करणारी बाई, कधी चमचा टाकला नाही आजवर.

परतीच्या रस्त्यात मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "अण्णा, येऊ की असं कुणाला म्हणालात?"

"त्यांना. जेवून तृप्त झाले बिचारे. म्हणाले, आता तुम्ही या आमच्याकडे जेवायला. असं बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं." आणि मग कौतुकानं, "सहकुटुंब बोलावलंय, बरं का."

दुसऱ्या दिवशी ट्रेलर युसूफभाईंकडे नेला. पाट्यांकडे बघून ते म्हणाले, "क्या भरे थे जी इसमें? गिट्टी?" नवरा म्हणाले, "कुछ नहीं, बिस्तर था." त्यांनी आमच्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. ट्रेलर आम्ही त्यांच्याकडेच सोडला, परत आणला नाही.

तेव्हापासून अण्णा जेवत नाहीत. म्हणजे अगदीच नाही असं नाही, दोन घास घेतात आणि ताट सारतात. आग्रह केला की म्हणतात, "नको गं, तिकडे जेवायचंय ना. पोट मोकळं ठेवलेलं बरं." डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या केल्या, सगळं ठीक आहे म्हणे, वय झालंय. वय काय असं एका रविवारात होतं का? माझ्या डोळ्यांदेखत माणूस वाळत चाललाय. रोज दुपारी चांगला सदरा घालून, टोपी घालून गॅलरीत बसतात आणि खाली उभ्या पिकअपकडे बघतात. "गाडी कधी काढायची?"

आणि गेल्या आठवड्यात नवरा पिकअप धुऊन, डिझेल भरून आले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "अण्णांच्या मनाला लागलंय. एकदा जाऊन येऊ." मी घर डोक्यावर घेतलं. किल्ली हिसकावून लपवून ठेवलीय, कुठे ते इथेही लिहीत नाही. रात्री नवऱ्याचं ताट उचलायला गेले तर भाकरी तशीच होती. म्हणाले, भूक नाही.

मी रागावते, रडते, दोघांच्या आवडीचं करते. स्वतः ताटावर बसून एकेक घास ढकलते, पाण्याबरोबर गिळते. मला वाटायचं, हे दोघं तिथे होते, त्यांनी ते बघितलंय, धसका घेतलाय. असं असू शकतं. ईशाला आम्ही यातलं काहीही सांगितलेलं नाही, परीक्षा आहे तिची.

काल तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "आई, काय झालंय कळत नाही गं. मेसमध्ये ताट समोर आलं की नकोसं होतं. भूकच लागत नाही. आणि तोंडाला सारखा शेवाळाचा वास येतो."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधायचीही ताकद नाही आता. मला एवढंच विचारायचंय... घरातल्या मोठ्या माणसानं सगळ्यांच्या वतीनं हो म्हटलेलं जेवणाचं आमंत्रण मोडायचं कसं? कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.