शुक्रीच्या तळ्यातलं बाळंतपण

तलासरीहून वेवजीकडे गेलं की पुढे गुजरातची हद्द लागते. त्या हद्दीच्या अलीकडे, ओरडलं तर पलीकडे ऐकू जाईल अशा एका पाड्यावर शुक्री राहते. तिच्याविषयी मी पूर्वी एकदा लिहिलं आहे. ते छापून आलं, तिला त्यावर शाल-नारळ मिळाला. लिहिलेलं बहुतेक खरं होतं. फोटो तेवढा खोटा होता.

मी रविंद्र. तलासरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि एका साप्ताहिकाचा मी वार्ताहर आहे. साप्ताहिक मला मानधन देत नाही, ओळखपत्र देतं. ते गळ्यात असलं की कचेरीत बसायला खुर्ची मिळते, कधी चहाही मिळतो. माणूस एवढ्यावर किती फुगू शकतो हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

शुक्रीला मांगूर हाताला कळतो. भात कापून झालं, खाचरातलं पाणी आटलं की इतर मासे मरतात. मांगूर चिखलात शिरून बसतो. त्याला कल्ल्यांखेरीज श्वास घ्यायची आणखी एक सोय आहे. कल्ल्यांच्या मागे झाडाच्या फांदीसारखा एक अवयव असतो, त्यात तो वरची हवा भरून घेतो. म्हणून तो ओल्या गवतावर तासन् तास जगतो, पाणी आवडलं नाही तर छातीच्या पंखांवर सरपटत दुसऱ्या खाचरात जातो. शुक्री बांधाकडेला उकिडवी बसायची, कोपरापर्यंत हात चिखलात घालायची आणि आत कोण आहे ते सांगायची. "एक हाय. रागावलेला हाय." रागावलेला असला की तो पंखाचा काटा मारतो, आणि तो काटा लागलेला माणूस दिवसभर आईचं नाव घेतो. शुक्रीच्या दोन्ही हातांवर त्याचे पांढरे डाग आहेत. ती ते बांगड्यांसारखे मिरवत नाही आणि लपवतही नाही.

२०१६ साली तिच्या आणि नवऱ्याच्या, चैत्याच्या, नावावर योजनेतून शेततळं मंजूर झालं. खड्डा झाला, आत अंथरायला प्लास्टिक आलं. शुक्रीने प्लास्टिक गोठ्यावर टाकलं. तिचं म्हणणं, गोठा गळत होता, खड्डा गळत नव्हता. चिकणमातीचा खड्डा, पाणी धरून बसला. पाहणीला आलेल्या माणसाने गोठ्याकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं आणि काम समाधानकारक असल्याचं लिहिलं. मी तिथेच होतो. बैलाच्या डोक्यावरच्या प्लास्टिकवर सरकारी अक्षरं होती.

तळ्यात तिने खाचरातले गावठी मांगूर सोडले. खायला वाळवी, गोगलगायी, भाताचा कोंडा. आणि पाण्याच्या रेषेखाली काठात तिने हात जाईल एवढी बिळं केली, आत गवत कोंबलं. कुणी शिकवलं नव्हतं. बांधातल्या बिळात मादी अंडी घालते आणि निघून जाते, नर बिळाच्या तोंडाशी राखण बसतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. पावसाळ्यात तिच्या तळ्यावर पोरांना ओरडायला, दगड मारायला बंदी असे. "आत बाळंतपण हाय," ती म्हणे. आणि तिच्या पाड्यात बाळंतपण असलेल्या घरात परका माणूस शिरत नाही.

शेजारी तिचा पुतण्या प्रविण. बारावी झालेला, मोटारसायकलवाला. त्यानेही तळं घेतलं, पण एजंटकडून परदेशी मांगुराचं बी, म्हणजे पिल्लं, आणलं. इतर मासे खाऊन संपवते म्हणून या जातीवर बंदी होती, पण ती कागदावर होती आणि कागद लांब होता. प्रविण कोंबडीच्या दुकानांतली घाण आणून ओतायचा. त्याचे मासे सहा महिन्यांत किलोच्या पुढे गेले. वास अख्ख्या पाड्याला समान वाटून मिळाला. शुक्रीचे मासे वर्षभरात पाव किलोच्या आसपास.

"काकी, तुजे मासे उपास करतात काय?" प्रविण विचारायचा.

"तुजे मासे काय खातात ता मना म्हायत हाय," शुक्री म्हणायची. "म्हणून मी ते खात नाय."

२०१७ च्या जुलैत मी तिच्यावर लिहायला गेलो. जुना मासा, जुनी पद्धत, आदिवासी महिला. मथळा मी मोटारसायकलवरच तयार केला होता. सगळं टिपून घेतल्यावर म्हटलं, "शुक्रीबाय, आता एक मासा काढ. हातात धर. फोटो घेतो."

"आता नाय निघत. नर बिळात बसलेत. अंड्यांवरून बापाला उठवू?"

"एकच मिनिट."

"तुज्या घरातल्या बाळंतिणीला एक मिनिट बाहेर काढशील?"

मी अडलो. फोटोशिवाय संपादक छापणार नव्हते. प्रविण कुंपणावर टेकून हसत होता. "भाऊ, माजा घ्या की. मासा तो मासा." त्याने जाळं टाकलं आणि दीड किलोचा काळाकुट्ट राक्षस आणून काकीच्या हातात दिला. शुक्रीने माझ्याकडे पाहिलं. पाहुणा लांबून आलाय, रिकाम्या हाताने परत कसा पाठवायचा, एवढाच प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता. लग्नाला जाताना शेजारणीचं लुगडं नेसतात, तसा तिने तो मासा धरला. मी तीन फोटो काढले.

"शुक्रीबाईंच्या तळ्यात दीड किलोचा मांगूर." मथळा चार कॉलमी आला. ग्रामपंचायतीत सत्कार झाला, प्रविणने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. कात्रण मी लॅमिनेट करून दिलं, फुकट. शुक्रीने ते पालथं करून त्यावर मिरच्या वाळत घातल्या.

सत्काराचा परिणाम म्हणून तिला प्रगतिशील ठरवून डहाणूला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे शिकवलं की गावठी मांगुराची पैदास करायची तर मादीला इंजेक्शन द्यायचं आणि नराला कापून बीज काढायचं, कारण पोट दाबून नर बीज देत नाही. शुक्रीने हात वर करून विचारलं, "त्याला बीळ देऊन बघितला काय?" हॉलमध्ये हशा झाला. जेवण चांगलं होतं, असं तिने परत आल्यावर सांगितलं.

२०१९ मध्ये बंदी कागदावरून उठली आणि जीपमध्ये बसली. परदेशी मांगूर जिथे सापडेल तिथे तळं उपसायचं, मासे खड्ड्यात घालून पुरायचे, असा हुकूम आला. प्रविणला कुठून तरी आधी कळलं. त्याने आठवड्यात सगळा माल काढून विकला, तळ्यात चुना मारला आणि रोहूची बोटभर पिल्लं सोडली. ऑगस्टमध्ये मत्स्यखात्याच्या पथकाची जीप आली तेव्हा त्याचं तळं तालुक्यात सर्वांत स्वच्छ होतं. पथकाच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि ते शुक्रीकडे वळले. त्यांच्या फाईलमध्ये वरचाच कागद माझं कात्रण होतं.

मी बातमीसाठी पथकाबरोबर आलो होतो. ओळखपत्र गळ्यात.

"हा मासा तुमचा?" साहेबांनी कात्रण पुढे केलं.

"नाय. तो प्रविणचा. हा भाऊ होता, याला इचारा."

साहेब माझ्याकडे वळले. चांगला माणूस होता, आवाज चढवत नव्हता. "काय हो, तुम्हीच काढलाय ना फोटो? कुणाच्या तळ्यातला?"

एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसऱ्याचा मासा हिच्या हातात देऊन छापला, एवढंच. पण ते वाक्य बोललो असतो तर ओळखपत्र गेलं असतं, खुर्ची गेली असती, आणि प्रविण चार पावलांवर उभा होता. मी म्हणालो, "दोन वर्षं झाली साहेब. नीट आठवत नाही."

हे वाक्य मी लिहून काढतोय तेव्हाही माझे कान गरम होतात. शुक्रीने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

जेसीबी रस्त्यावर उभा होता. खड्डा घ्यायची जागाही ठरली होती, गोठ्यामागे. तीन वर्षांचं बियाणं त्या तळ्यात होतं, आणि आजूबाजूच्या खाचरांत फवारणीमुळे गावठी मांगूर आता सहज मिळत नव्हता. हे तळं उपसलं असतं तर तिला पुन्हा बी कुठून आणायचं हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"साहेब, माजा मासा बघा, मग पुरा," शुक्री म्हणाली. ती लुगडं खोचून पाण्यात उतरली, काठाच्या एका बिळापाशी वाकली आणि थांबली. मग काहीतरी पुटपुटली. माफी मागत होती, असं मला वाटतं. तिने हात आत घातला, दचकली, पण मागे घेतला नाही. बाहेर आली तेव्हा मुठीत एक नर होता आणि मनगटावरून रक्त ओघळत होतं. मासा पाव किलोचाही नव्हता.

साहेबांनी तो उलटसुलट पाहिला. "हे तर पिल्लू आहे. मोठं झाल्यावर दीड किलोचं होणार."

शुक्रीने पुन्हा हात घातला आणि गवताची एक काडी बाहेर काढली. काडीला पिवळट अंडी चिकटली होती, बाजरीच्या दाण्याएवढी. ती तिने साहेबांच्या डोळ्यांसमोर धरली.

"पिल्लू कवा अंडी राखत बसतं काय, साहेब?"

साहेबांनी काडी पाहिली, मासा पाहिला, तिचं मनगट पाहिलं. मग हळूच म्हणाले, "जेसीबी परत पाठवा." तिने काडी लगेच होती तिथे परत खोचली. पण फाईलला पुरावा लागतो. जेसीबी का परत पाठवला हे लिहायला नमुना हवा. साहेबांनी खरोखर संकोचाने तो नर ओल्या गोणपाटात गुंडाळून मागितला. शुक्रीने दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो कचेरीच्या टेबलाखाली जिवंत होता म्हणतात. नमुना गावठी जातीचा असल्याचा अहवाल तीन आठवड्यांनी आला.

जीप गेली. प्रविण आधीच सटकला होता. तळं वाचलं म्हणून मी उत्साहाने काहीतरी बोलू लागलो, तर शुक्री पाण्यातच बसलेली. एक हात बिळात.

"काय करतेस शुक्रीबाय?"

"बाप गेला. अंडी कालची हायत, उद्या सकाळी फुटतील. तवर कोनीतरी आत पाणी हलवाया पायजे. नायतर पांढरी पडतात, कुजतात. आन् बेडूक हायतच."

चैत्या कामावर वापीला गेला होता, यायला दिवेलागण होणार. तास झाला असेल. ती बसल्या बसल्या अधूनमधून हात बदलायची. बकऱ्या ओरडायला लागल्या तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बकऱ्या बांधून येते. तू बस हितं."

मी बूट काढून कमरेएवढ्या चिखलपाण्यात उतरलो. ओळखपत्र पाण्यात लोंबायला लागलं तेव्हा तेही काढून काठावर ठेवलं. कमरेएवढ्या चिखलपाण्यात उतरलो. तिने माझं मनगट धरून हात बिळात नेला, बोटं कशी हलवायची ते दाखवलं, आणि त्या गवतावर ती बारीक, मऊ अंडी माझ्या बोटांना लागली. माझ्या तोंडून निघालं, "शुक्रीबाय, मला सगळं आठवत होतं."

"मना म्हायत हाय," ती म्हणाली. "हात थांबवू नको."

आणि ती बकऱ्यांकडे गेली.