शिळी मॅच

हिंदी मुलखातल्या आमच्या टाउनशिपमध्ये आमच्या सेक्टरचा केबलवाला मूळचा नागपूरकडचा. माझ्या दारात मराठीत बोलायचा आणि खांबावर चढला की हिंदीत शिव्या द्यायचा. माणूस खुनशी होता. क्रिकेट मोबाईलवर दिसायला लागलं तशी एकेका क्वार्टरनं त्याची वायर काढून टाकली, आणि त्यानं सूड शोधून काढला. मोबाईलवर मॅच थोडी उशिरा पोचते, केबलवर आधी. दुकानातल्या टीव्हीवर विकेट पडली रे पडली की तो खांद्यावरच्या वायरच्या भेंडोळ्यासकट रस्त्यावर यायचा आणि बोंब ठोकायचा, "गेला!" घराघरांत लोक चडफडायचे, कारण त्यांच्या मोबाईलवर बॉलर अजून धावतच असायचा.

"कावून ओरडून राहिले तुम्ही?" मी एकदा वैतागून विचारलं.

"शिळं खाऊन राहिले ना ते, भाऊ. ताजं आपल्याकडे आहे."

शेवटी माझीही वायर निघाली, मग त्याचं दुकानही बंद झालं.

परवा सिव्हिक सेंटरच्या बाजारात एका हॉटेलात चहा पीत होतो. तिथल्या टीव्हीवर विकेट पडली आणि एकच गलका झाला. बाहेर आलो तर हा स्कूटरवर बसून मोबाईलवर तीच मॅच बघत होता. गलका त्यानंही ऐकला असणार, पण त्याच्या हातातला बॉलर अजून धावत होता. मी तोंड उघडायच्या आतच त्यानं हात वर केला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सांगू नका, भाऊ. मलेबी आता शिळंच खाऊ द्या."