एकशे एक पणत्या

सोसायटीच्या अंगणात आम्ही पणत्या मांडत होतो. शंभर, आणि शुभ म्हणून वर एक. दहाच्या ओळी केल्या, एक उरली. सातच्या केल्या, तीन उरल्या.

"एक काढून टाका हो," कोणीतरी वैतागून म्हणालं.

आमची ही गेल्यापासून घरात मीही असाच उरलोय. मी ती वरची एक पणती हातातच धरून राहिलो.

शेजारच्या मालूताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्या हसल्या. "अहो, एकशे एक ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानंच भाग जात नाही, ती सारख्या ओळींत बसायची नाही. आणि कितीही पुढे मोजत जा, अशा संख्या संपत नाहीत. गोल मांडा की!"

गोल मांडला. माझ्या हातातली पणती नेमकी कुठली, ते नंतर मलाही ओळखता येईना.