बिनसाखरेचा चहा

हिमायत बागेत सकाळी फिरताना तो माझ्या एक पाऊल पुढं चालतो आणि मान मागं वळवून बोलतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही माझं नाही. मी शहराला औरंगाबाद म्हणालो की तो संभाजीनगर म्हणतो. मी संभाजीनगर म्हणालो की लगेच औरंगाबाद. मी सरकारला शिव्या घातल्या की तो सरकारचा होतो, कौतुक केलं की विरोधकांचा. असं भांडत भांडत आम्ही चिंचांखालून फाटकापर्यंत येतो.

परवा मला कणकण होती. वाद नको म्हणून मी त्याच्या प्रत्येक बोलण्यावर "बरोबर आहे" म्हणत गेलो. तो हळूहळू गप्पच झाला. त्याला शुगर आहे, म्हणून फाटकाबाहेरच्या टपरीवर तो रोज बिनसाखरेचा चहा घेतो. त्या दिवशी म्हणाला, "साखर टाका. लई टाका." मग कप हातात धरून माझ्याकडं बघत उभा राहिला. पीत मात्र नव्हता.

"अहो, ठेवा तो कप! शुगर आहे ना तुम्हाला?" मी ओरडलोच.

त्यानं कप लगेच खाली ठेवला. चेहरा एकदम निवला.

"बायको होती तवर दिवसभर हे नको, ते नको चालायचं," तो म्हणाला. "आता कसंबी वागा, कुणी नको म्हणत नाय."

मी दोन बिनसाखरेचे सांगितले.

"तुम्हाला कुठं शुगर हाय?" तो माझ्यावर खेकसला. "यांच्या चहात नीट साखर घाला हो," त्यानं टपरीवाल्याला बजावलं.

मलाही असं कुणी दटावून बरीच वर्षं झाली होती.