बुरशीबाई आणि थोरलीचं लखलखीत घर

बहिणीच्या घरी गेलं की माणसं आधी बसतात, पाणी पितात, ख्यालीखुशाली विचारतात. बुरशीबाई आधी फ्रिजच्या दाराचं रबर बोटाने बाजूला करून आत डोकवायच्या. काळा थर दिसला की चेहरा असा खुलायचा, जणू माहेरचं माणूस भेटलं!

हे नाव भावोजींनी ठेवलेलं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बाईंचं काम एकच होतं: माणसं राहतात तिथे आणखी कोण कोण राहतं, ते शोधायचं. लिफ्टची बटणं, शॉवरची तोंडं, एसीच्या जाळ्या, शाळेचे बाक. सगळीकडे कापसाची काडी फिरवायची, नळीत बंद करायची आणि तिच्यावर कुठले जिवाणू आले ते यंत्राला विचारायचं. लग्न केलं नव्हतं. "एकटीने करमतं का गं?" असं कुणी विचारलं, तर म्हणायच्या, "एकटी कुठली? घरात पाय ठेवायला जागा नाही."

थोरलीचा स्वभाव अगदी उलटा. ती नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर माशीचे पाय पुसून घेईल अशी. तिने नवा फ्लॅट घेतला तेव्हा बुरशीबाई हात धुऊन मागे लागल्या.

"ताई, सामान हलवायच्या आधी एकदा काड्या फिरवू दे. आणि महिन्याभराने परत. रिकाम्या घरात पहिलं बिऱ्हाड कुणाचं होतं, ते बघायचंय."

"माझंच होणार," थोरली म्हणाली. "दुसऱ्या कुणाची हिंमत आहे?"

महिन्याभराने निकाल आला. बुरशीबाई तो सांगायला आल्या तेव्हा भावोजी सोफ्यावर आडवे होते. निवृत्त झाल्यापासून ते बहुतेक तिथेच असत.

"आपल्या कातडीवरचे जिवाणू सतत झडतात आणि घराला चिकटतात," बाईंनी समजावलं. "प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. तुझ्या घरात सोफा, रिमोट, दाराच्या कड्या, अगदी ओट्याची कडसुद्धा... सगळीकडे भावोजीच आहेत."

थोरलीच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हणजे मी दिवसभर ह्यांनाच पुसत असते?"

"आणि तरी मी उरतोच," भावोजी सोफ्यावरून म्हणाले.

बुरशीबाई पोट धरून हसल्या. तिथेच चुकलं. हे जिवाणू निरुपद्रवी आहेत, प्रत्येक घरात असतात, हे सांगायचं हसण्याच्या नादात राहूनच गेलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवसापासून तिने युद्धच पुकारलं. उग्र वासाच्या बाटल्या आल्या. बाहेरून धूळ नको म्हणून खिडक्या बंद झाल्या. कपडेसुद्धा आतल्या खोलीत वाळू लागले. धाकटीचा फोन ती उचलेनाशी झाली.

थंडी सरत आली तशी भावोजींना खोकल्याने धरलं. डॉक्टरांनी औषध दिलं, थोडा उतार पडला, घरी येऊन झोपले की पुन्हा खोकला. शेवटी त्यांनीच गुपचूप बुरशीबाईंना बोलावलं.

बाई झोपायच्या खोलीच्या दारात थांबल्या. उग्र वासाखाली दुसरा एक वास होता, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा.

"कपाट हलवू या."

"काही नाहीये तिथे," थोरली म्हणाली. "मी स्वतः पुसलंय."

"पुढून पुसलंस ना?"

कपाट सरकलं. मागची भिंत वरपासून खालपर्यंत हिरवीकाळी झाली होती. इतकी दाट, इतकी सुंदर बुरशी बाईंनी कुणाच्या घरात पाहिली नव्हती. हात आपोआप खिशातल्या काडीकडे गेला. मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं. थोरली भिंतीकडे बघत होती आणि तिची हनुवटी थरथरत होती. बुरशीबाईंनी काडी खिशातच राहू दिली.

"ताई, ही घाण नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ओल कोंडली म्हणून आलं हे. खिडक्या बंद, कपडे आत, भिंत गार. कुणाच्याही घरात झालं असतं. तू कमी पडली नाहीस."

"मी ह्यांना आजारी पाडलं."

"मी मेलो नाहीये अजून," भावोजी खोकत म्हणाले. "आणि बुरशीबाईंना तेवढी काडी फिरवू दे, नाहीतर जीव जाईल त्यांचा."

थोरली रडता रडता हसली. "फिरव मेली एकदाची."

खिडक्या उघडल्या, भिंत सुकवून, खरवडून, पुन्हा रंगवून घेतली. भावोजी तोवर बाहेरच्या खोलीत झोपले. खोकला गेला. थोरली पूर्वीसारखीच पुसत राहिली, फक्त आता खिडक्या उघड्या ठेवून पुसायची आणि आत येणाऱ्या धुळीला शिव्या द्यायची.

पुढे बुरशीबाईंनी विद्यापीठात या कामावर भाषण दिलं. घर कुणाचं ते गुप्त ठेवायचं, असा त्यांचा नियम. सोफ्याचे निकाल सांगून झाले आणि पडद्यावर त्या भिंतीचं चित्र आलं मात्र, पहिल्या रांगेतून भावोजी उठून उभे राहिले.

"हे आमचं घर! आणि त्या सोफ्यावरचा मी!"

सभागृह हसलं. थोरलीने पदराने तोंड झाकलं. भाषण संपल्यावर एक अनोळखी बाई तिच्याकडे आली. "आमच्याकडेही बघतील का हो तुमच्या बहीणबाई?"

"बघतील," थोरली ताठ बसत म्हणाली, "पण सहज नाही हं. तसं घर असावं लागतं."