चावी कुणाकडं हाय?

नळाला पाणी यायच्या दिवशी नाना गव्हाणे तोटीखाली हाताची मागची बाजू धरून बसायचे. आमच्या छत्रपती संभाजीनगरात पाण्याआधी नळातून हवा येते, आणि नानांचा त्या हवेवरही विश्वास नव्हता. "फुसकारतंय खरं, पण ह्याचा भरवसा नाय," असं म्हणायचे. समोरच्या दारातून हे मी वर्षानुवर्षं पाहिलं.

नाना मूळचे पाचोडचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच. गल्लीतल्या व्हॉल्वची चावी फिरवणारा माणूस आला नाही की आम्ही कोरडे, म्हणून जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "चावी कुणाकडं हाय?" सोसायटीत पाइपचा गॅस आला तेव्हा जोडणीवाल्यालाही त्यांनी तेच विचारलं. गॅस परदेशातून जहाजानं येतो हे ऐकून ते चक्क खुलले. संशय खरा ठरला की स्वारी खूश. मग शेगडी पेटवून त्यांनी वरण, भात, बटाटे, अंघोळीचं पाणी असं एकामागून एक चढवलं. "आलाय तवर भरून घ्यावं." गॅससुद्धा पाळीनंच येणार, असं ते धरूनच चालले होते. उकडलेले बटाटे मग सगळ्या जिन्यानं खाल्ले, मीसुद्धा.

इथवर हसण्यावारी नेता आलं. विनयच्या बाबतीत मात्र हाच स्वभाव नडला. विनय त्यांचा एकुलता एक मुलगा, गुजरातेत शेल गॅसच्या एका विहिरीवर इंजिनिअर. दिवाळीला आला तेव्हा फराळाला मीही होते. तो भरभरून सांगत होता, की आपल्याच जमिनीखालच्या दगडात गॅस अडकलाय, जोरानं पाणी दाबून तो दगड फोडायचा, मग देशाला कुणाच्या जहाजाची वाट बघायला नको.

"पाणी किती लागतं?" नानांनी विचारलं.

"लई लागतं, नाना."

"म्हंजी गॅसची चावी हाती येणार, अन् पाण्याची जाणार. कोण बनवतंय रे तुम्हाला?"

विनय ताटावरून उठला. "तुम्हाला माझं कामच खोटं वाटतं," एवढंच म्हणाला आणि दुपारच्या गाडीनं निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही. "रागावला नाय तो, कामात असंल," नाना मला सांगायचे. या एका गोष्टीवर मात्र त्यांना संशय घ्यायचा नव्हता. मला त्यांची कीव यायची आणि रागही.

पुढे लांब कुठेतरी युद्ध पेटलं, जहाजं अडकली. औरंगपुऱ्यातल्या हॉटेलांत लाकडावर चहा उकळू लागला, आमच्या शेगडीची ज्योत बारीक झाली. "नाना, तुमचंच खरं झालं," मी म्हटलं. ते खुलले नाहीत.

"पोरगं बी खरंच बोलत व्हतं की," ते म्हणाले आणि माझ्यासमोरच स्पीकरवर त्याला फोन लावला. "तुमच्या त्या दगडातून गॅस निघतोय का रे?"

"काम थांबलंय, नाना. पाणी नाय मिळालं."

 संशय खरा ठरल्याचं नानांना इतकं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मग घरी ये," ते म्हणाले. "उद्या आपल्याकडं पाणी येणार हाय."

"नक्की येणार?"

"व्हय. भरवसा हाय मला."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नाना गेले. मला मात्र ते आठवतात त्या फोनच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे. पाणी आलंच नाही. विनय आला होता, आणि बापलेक कोरड्या तोटीखाली आळीपाळीनं हात धरून बसले होते.