हळदीच्या गाण्यातली थांबलेली मात्रा

कापलेल्या पत्र्याला एक थंड, आंबूस वास असतो. त्यावरच्या तेलावर मार्चचं कोवळं ऊन पडलं की तो किंचित गोडसर होतो. महाळुंग्याच्या आमच्या शेडमध्ये सकाळची शिफ्ट सुरू होताना आधी तो वास यायचा आणि मग शेजारच्या पत्रा कापायच्या प्रेसवरच्या शब्बीरभाईंचं गुणगुणणं. पत्रा सरकवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, ठोका पडला की तुकडा उचलायचा. या कामाच्या लयीत ते एकच ओळ घोळवत राहत, आणि प्रत्येक ठोक्यानंतर श्वास अडकल्यासारखे क्षणभर थांबत. मी नवखा होतो. कुणी न शिकवता ती चाल माझ्या मनगटांत उतरली.

पुढे त्याच चालीवर मी शब्द रचले, गाणं ध्वनिमुद्रित झालं, आणि आज थेरगावपासून चाकणपर्यंत ते वाजल्याशिवाय हळद लागत नाही. त्या थांबलेल्या मात्रेवर सगळा मांडव हात वर करून गोठतो आणि पुढच्या ठोक्याला उसळतो. संगीतकार म्हणून नाव माझं आहे. ती मात्रा कशी सुचली असं कुणी विचारलं की मी पवनेचा घाट आणि सायंकाळचं संथ पाणी सांगत आलो. इतक्यांदा, की तो घाट मलाही दिसू लागला.

यंदा आमच्या सोसायटीने माझा सत्कार ठरवला. गाण्यामागची गोष्ट सांगा, म्हणाले. ते खोटं पुन्हा उच्चारायला जीभ धजेना. आदल्या सकाळी काळेवाडीत, शब्बीरभाईंनी कंपनी सोडल्यावर काढलेल्या स्कूटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो आणि हा माणूस आता कायमचा तुटणार, या भीतीनेच एका दमात सगळं सांगून टाकलं.

“मला ठाव हाय की,” कार्बोरेटर पुसत ते म्हणाले. “नातीच्या हळदीत वाजलं तवाच वळखलं. आन् तुझा तो घाट! लय झ्याक रंगवतोस राव, आमाला बी खरा वाटला.”

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं.

“ती थांबायची जागा गाण्यासाठी न्हवती. तुझी मशीन जुनी. कवा कवा एका ठोक्यामागं आपसूक दुसरा मारायची. सायबाला सांगून दमलो. तू घाईचा गडी, ठोका पडला की लगेच हात घालायचास. म्हणून शेजारी गात ऱ्हायलो. मग तू बी थांबाया लागलास.”

मी माझ्या हातांकडे पाहिलं. याच बोटांनी मी पेटी वाजवली, लेकीच्या वेण्या घातल्या, आणि याच बोटांनी त्यांचं नाव गाळून माझं लिहिलं.

“तुमचं नाव लावतो,” मी म्हणालो.

“लाव. पर का थांबायचं ते बी सांग. तसल्या मशिनी अजून लय ठिकाणी हायत.”

दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं. लोक टाळ्या वाजवत होते. कंपनीच्या गणवेशात थेट शिफ्टवरून आलेला एक गृहस्थ मात्र आपले तळवे उलटसुलट करून पाहत होता. त्याच्यासाठी कोण गात असेल, त्याला ते ऐकू येत असेल का, असा विचार मनात आला, आणि नमस्कारासाठी जोडलेले माझे हात बराच वेळ सुटले नाहीत.